रेपच्या शेतासाठी मोटारीचे डिकॉय: मॅग्नेट, फ्लॅपर की पेकर?

इंग्लंडमधल्या लिंकनशरमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकाचा प्रश्न आहे. शॉटगन सर्टिफिकेट, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीचा परवाना, हातात आलं आहे, ओळखीच्या शेतकऱ्याने रेपच्या (मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या पिकाच्या) शेतावर वुडपिजन, म्हणजे पिकावर उतरणारी रानकबुतरं, मारायला परवानगी दिली आहे, डझनभर प्लॅस्टिकचे डिकॉय, म्हणजे कबुतरांना भुलवणारे खोटे पक्षी, घेऊन झाले आहेत. आता मोटारीवर चालणारं यंत्र घ्यायचं, तर फिरतं मॅग्नेट घ्यावं, पंख हलवणारा फ्लॅपर घ्यावा की मान खाली-वर करणारा पेकर? आणि बॅटरी किती मोठी लागेल?

एकच यंत्र घ्यायचं असेल तर मॅग्नेट घ्या, पण ज्याचा वेग अगदी खाली आणता येतो आणि जे लपणात (शिकाऱ्याने जाळीआड दडून बसायच्या जागेत) बसल्याबसल्या बंद करता येतं, असंच घ्या. हे दोन गुण नसतील तर महागातलं यंत्रही शेतात बुजगावण्याचं काम करतं. असं का होतं ते आधी समजून घेतलं की बाकीची निवड सोपी होते.

वुडपिजनच्या पंखावर एक रुंद पांढरा पट्टा असतो. पंख मिटलेले असताना त्याची जेमतेम एक रेघ दिसते. पंख उघडले की तो लख्ख दिसतो आणि उघड्या शेतावर काहीशे मीटरवरूनही नजरेत भरतो. पण हा पट्टा कबूतर दोन वेळा दाखवतं: शांतपणे खाली उतरताना आणि घाबरून एकदम उडताना. वरून जाणाऱ्या पक्ष्याला या दोन्हींतला फरक हालचालीवरून कळतो. संथ, वाऱ्याच्या तोंडाला, खाली येणारी हालचाल म्हणजे ‘इथे खायला आहे’. झटके देणारी, वाटेल त्या दिशेची हालचाल म्हणजे ‘पळा’. पंख पसरून पट्टा दाखवणारी मेलेली कबुतरं जमिनीवर नुसती मांडून ठेवली तर थवे तिथे उतरायला कचरतात, हे ब्रिटिश कृषी संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं आहे. म्हणून मोटारीच्या डिकॉयकडून एकच काम करून घ्यायचं, लांबच्या पक्ष्याचं लक्ष वेधायचं. शेवटचे तीस-चाळीस मीटर त्याला खाली आणतात ते शेजारचे शांतपणे चरणारे स्थिर डिकॉय.

आता एकेक यंत्र. मॅग्नेट म्हणजे जमिनीत रोवलेला खुंटा, त्यावर १२ व्होल्टची गिअरची मोटार आणि मोटारीच्या दांड्यावर समोरासमोर दोन लांब हात. प्रत्येक हाताच्या टोकाला तारेचं क्रेडल, त्यात पंख पसरलेलं एकेक कबूतर. हात साधारण दीड मीटरचे असतात, म्हणजे घेराचा व्यास तीन मीटरच्या आसपास. लहान हात घेऊ नका. घेर लहान असेल तर पक्षी जागच्या जागी गरगरताना दिसतो, उतरताना दिसत नाही.

वेगाचा हिशेब करून पाहा. तीन मीटर व्यासाचा परीघ सुमारे साडेनऊ मीटर. एक फेरा पाच सेकंदांत झाला तर पक्षी सेकंदाला दोन मीटरपेक्षा थोडा कमी वेगाने सरकतो, हे उतरत्या कबुतराशी जुळतं. तोच फेरा दोन सेकंदांत झाला तर वेग अडीचपट होतोच, शिवाय क्रेडलवरचा बाहेर फेकणारा जोर सहापटीहून जास्त वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. पाचशे ग्रॅमच्या पक्ष्यावर पाच सेकंदांच्या फेऱ्याला तो जोर शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाइतका असतो, दोन सेकंदांच्या फेऱ्याला पाऊण किलोइतका. मग रबर सुटतं, पंख मागे मुडपतो, पक्षी तिरका होतो आणि कधी कधी सरळ शेतात फेकला जातो. नव्या लोकांच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे ‘कबुतरं येतात आणि साठ-सत्तर मीटरवरून मुरडतात’, या वेगाच्या असतात. हलक्या वाऱ्यात एक फेरा चार ते पाच सेकंद धरा. वारा वाढला की वेग आणखी कमी करा, कारण वाऱ्याबरोबर जाणाऱ्या अर्ध्या फेरीत वाराच पक्ष्याला ढकलतो.

म्हणूनच कंट्रोलर कोणत्या जातीचा आहे हे विचारून घ्या. स्वस्त यंत्रांत वेग कमी करायला नुसता रेझिस्टर घातलेला असतो. त्याने व्होल्टेज पडतं, व्होल्टेजबरोबर मोटारीची ताकद पडते, आणि वाऱ्याविरुद्ध जाताना हात थबकतात. वारा सरला की तेच हात झपकन पुढे जातात. बरोबर हीच हालचाल कबुतरांना नको असते. पीडब्ल्यूएम पद्धतीचा कंट्रोलर मोटारीला पूर्ण व्होल्टेज तुकड्यातुकड्यांनी देतो, त्यामुळे कमी वेगातही जोर टिकतो. दुकानात पाहताना बटण सर्वांत खाली आणा आणि एका हाताच्या टोकाला बोटाने हलका अडसर द्या. मोटार लगेच थांबली तर यंत्र परत ठेवा.

हाताचं साहित्य हा दुसरा मुद्दा. स्प्रिंग स्टील किंवा फायबरग्लासचे हात किंचित लवतात, पक्षी वाऱ्यात वर-खाली होतो आणि जिवंत दिसतो. जाड, ताठ नळीचे हात पक्ष्याला एकाच पातळीवर फिरवत राहतात. दोन हातांची उंची थोडी वेगळी ठेवता येत असेल तर उत्तम: एक पिकापासून मीटरभर, दुसरा दीड मीटर. फेब्रुवारीतलं रेप घोट्याएवढं असतं, त्याला साधा खुंटा पुरतो. एप्रिलमध्ये रेप फुलावर आलं की ते कमरेच्या वर जातं, तेव्हा जोडनळी लागते. ती यंत्राबरोबर मिळते का ते पाहा. नंतर शोधायला गेलं की मापं जुळत नाहीत.

हात मोटारीच्या दांड्याला कसे बसतात तेही वाकून बघा. दांड्याला एका बाजूने सपाट घासलेलं असावं आणि स्क्रू त्या सपाट भागावर टेकावा. गोल दांड्यावर नुसता स्क्रू आवळलेला असेल तर थोड्या वापरानंतर आतून मोटार फिरते आणि हात उभेच राहतात. स्क्रूला थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावला आणि त्या मापाची ॲलन की खिशात ठेवली की हा त्रास मिटतो.

खुंट्याबद्दल लोक फार कमी विचारतात, आणि शेतात निम्मा घोळ तिथेच होतो. खुंटा कलला की हातांची पातळी बिघडते: एक पक्षी चढावर जातो, दुसरा उतारावर, मोटार चढावर दमते आणि उतारावर धावते. फेब्रुवारीच्या मऊ मातीत खुंटा हळूहळू कलतो, म्हणून तो किमान ४५ सेंटिमीटर आत जाईल असा हवा आणि पाय देऊन दाबायला आडवी पट्टी हवी. ऑगस्टमध्ये गव्हाच्या धसकटांवर जमीन इतकी कडक असते की मोटारीचा खुंटा हातोडीने ठोकला तर वरची नळी फाकते आणि मोटार परत बसत नाही. तिथे आधी जाड लोखंडी सळईने भोक पाडा, मग खुंटा त्यात उतरवा. शेवटी वरून स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा. मोबाइलमधली लेव्हलही चालते.

आता क्रेडलमध्ये काय घालायचं? खरी, मारलेली कबुतरं. प्लॅस्टिकचे पक्षी दवाने किंवा पावसाने ओले झाले की चमकतात, आणि फिरताना ती चमक दर फेऱ्याला एकदा आरशासारखी डोळ्यांवर येते. पहिले दोन पक्षी मिळेपर्यंत प्लॅस्टिकवर भागवायचं असेल तर मखमली लेपाचे घ्या. खरे पक्षी वापरताना दोन्हींचं वजन जवळपास सारखं असू द्या. प्रौढ वुडपिजन साधारण ४५० ते ५५० ग्रॅमचं असतं, कोवळं पिल्लू बरंच हलकं. एका बाजूला पिल्लू आणि दुसऱ्या बाजूला थोराड नर लावला तर खुंटा सरळ असूनही यंत्र लंगडतं. पंख पसरण्यासाठी दोन-अडीच मिलिमीटरची तार पंखाच्या पुढच्या कडेच्या मागून न्या आणि टोकाला रबर लावा. टोकं पूर्ण ताणू नका. उतरणाऱ्या कबुतराचे पंख थोडे खाली वळलेले असतात, तसेच ठेवा. मान लोंबू देऊ नका, हनुवटीखाली छोटी काडी खोवली तरी पुरते.

डोकी फिरण्याच्या दिशेला हवीत. समोरासमोरच्या हातांवर दोन्ही पक्षी एकाच दिशेला तोंड करून लावले तर त्यांतला एक कायम उलटा उडत राहतो. यंत्र सुरू करून दहा पावलं मागे सरा आणि पाहा. मोटार नेमकी उलट्या दिशेने फिरत असेल तर बॅटरीकडच्या लाल-काळ्या वायरी अदलाबदल करू नका, कारण कंट्रोलर जळू शकतो. कंट्रोलरच्या पुढे, म्हणजे थेट मोटारीच्या दोन टोकांवर वायरी बदलल्या तर साधी ब्रशची मोटार उलट फिरते. काही यंत्रांत त्यासाठी वेगळा स्विच असतो, आणि त्या स्विचला थोडे जास्त पैसे मोजावेत, कारण वारा ज्या बाजूने असेल त्याप्रमाणे दिशा बदलता येते. घेराचा जो भाग उतरण्याच्या मोकळ्या जागेजवळून जातो, तिथे पक्षी वाऱ्याच्या तोंडाला जाताना दिसावा.

फ्लॅपर हे मी दुसरं यंत्र मानतो, पहिलं नाही. यात पक्षी एका जागी असतो, खालची मोटार फिरकीने दोन तारा वर-खाली करते आणि तारांना बांधलेले पंख फडफडतात. सतत फडफडणारा फ्लॅपर जखमी पक्ष्यासारखा दिसतो, म्हणून त्यात टायमर असलाच पाहिजे. तीन-चार फडफडी, मग दहा-पंधरा सेकंद शांत, हे ठीक. टायमरच्या दोन्ही वेळा वेगवेगळ्या बदलता येत असतील तर तेच मॉडेल निवडा.

इथे एक गोष्ट मॅग्नेटच्या अगदी उलट आहे. मॅग्नेटवर ताठलेला पक्षी उत्तम, कारण पंख पसरून ठेवलेल्या अवस्थेत आखडला की तो तसाच राहतो. फ्लॅपरवर ताठलेला पक्षी लावला तर खांद्याचे सांधे मोटारीला अडवतात, करंट वाढतो, प्लॅस्टिकच्या गिअरचे दात जातात. लावण्यापूर्वी दोन्ही पंख हाताने खांद्यापासून सात-आठ वेळा पूर्ण वर-खाली करून सांधे मोकळे करा. तारांचं बांधकाम पंखाच्या मधल्या सांध्याच्या जरा आत घ्या. टोकाजवळ बांधलं तर मोटारीवर ताण फार येतो आणि पिसं गळतात. मोटारीचा डबा गवताने किंवा रेपच्या पानांनी झाका, पण फिरकीच्या वाटेत एक काडीही येऊ देऊ नका.

पेकर आधी घेऊ नका. खुरटलेल्या रेपवर किंवा नुकत्या पेरलेल्या वाटाण्याच्या उघड्या मातीवर तो छान दिसतो, पण फार तर पन्नास-साठ मीटरवरून. त्या अंतरावर आलेला पक्षी बहुधा येणारच असतो. उंच पिकात तर तो झाकूनच जातो. त्याच पैशात तीन-चार बाउन्सर येतात: लवचीक फायबरच्या दांडीवर पंख पसरलेला पक्षी, मोटार नाही, बॅटरी नाही, वाऱ्यावर आपोआप झुलतो. वारा पडला की तो निकामी, ही त्याची एकच मर्यादा. ज्या शेतांवर दर आठवड्याला कुणीतरी मॅग्नेट लावतं, तिथली कबुतरं मॅग्नेट ओळखतात आणि लांबूनच वळतात. अशा ठिकाणी मॅग्नेट गाडीतच ठेवून दोन बाउन्सर आणि टायमरवरचा फ्लॅपर लावला की फरक दिसतो.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे, पण तो जाहिरातीतल्या आकड्यांवर करू नका. तिथला करंट बहुतेक वेळा बिनपक्ष्यांचा असतो. दोन पक्षी लावून, वाऱ्यात, मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत घालून सर्किटमध्ये जोडा आणि मोजा. बहुतेक मॅग्नेट अर्धा ते दीड अँपिअर घेतात. गाडीच्या वायपरची मोटार वापरून घरी बनवलेलं यंत्र याहून बरंच जास्त घेतं. समजा एक अँपिअर आला. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची म्हटलं तर साडेतीन तास मिळतात. अर्ध्याच्या खाली वारंवार नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. शिवाय शून्य अंशाच्या आसपास तिची क्षमता सुमारे पाचव्या भागाने कमी होते, आणि रेपवरचा खरा मोसम नेमका कडाक्याच्या थंडीचाच. दिवसभर बसायचं असेल तर लेड-ॲसिडमध्ये १७-१८ अँपिअर-अवर हवी, पण तिचं वजन पाच किलोच्या वर जातं, आणि ती ओल्या शेतातून खांद्यावर न्यायची असते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची ७ अँपिअर-अवरची बॅटरी किलोच्या आत येते, तिच्यातले ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरता येतात आणि शेवटपर्यंत व्होल्टेज टिकून राहतं, म्हणजे सकाळी लावलेला वेग दुपारीही तोच असतो. लेड-ॲसिडवर तो उतरत जातो आणि तासातासाला बटण फिरवावं लागतं. माझा कल स्पष्टपणे लिथियम आयर्न फॉस्फेटकडे आहे. तिची दोन पथ्यं आहेत. चार्जर तिच्याच जातीचा हवा, लेड-ॲसिडचा ‘डिसल्फेशन’ करणारा चार्जर तिच्यावर लावायचा नाही. आणि शून्याखाली तापमान असताना ती चार्ज करायची नाही, थंड गॅरेजमधून घरात आणून तासा-दोन तासांनी लावायची.

ड्रिल मशीनच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या ॲडॅप्टर लावून वापरणारे बरेच आहेत. १२ व्होल्टच्या मोटारीला थेट १८ व्होल्ट दिले तर वेग दीडपट होतो आणि मोटार तापते. मध्ये १२ व्होल्टचा स्टेप-डाउन कन्व्हर्टर हवाच. शिवाय अशा अनेक बॅटऱ्यांत ‘फार उतरली, आता बंद’ हे सांगणारी व्यवस्था ड्रिलमध्ये असते, बॅटरीत नसते. साध्या ॲडॅप्टरवर ती शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होते आणि पुन्हा चार्ज घेत नाही.

वायरीकडे दुर्लक्ष करू नका. बॅटरी आणि कंट्रोलर लपणात ठेवून मोटार २५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ५० मीटर तांबं होतं. अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरीत दीड अँपिअरला सुमारे २.६ व्होल्ट वाटेतच जातात. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ०.९ व्होल्ट. त्यापेक्षा बॅटरी यंत्रापाशी, झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि सुरू-बंद करायला रिमोट घ्यावा. रिमोटचा छोटा सेल थंडीत दगा देतो, एक जादा सेल पाकिटात असू द्या. बॅटरीच्या लाल टोकापासून बोटभर अंतरावर ५ अँपिअरचा फ्यूज लावाच. हात पिकात अडकून मोटार थांबली तर करंट कित्येक पटीने वाढतो, आणि फ्यूज नसेल तर कंट्रोलर जातो.

मांडणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चांगलं यंत्र चुकीच्या जागी लावलं की दोष यंत्राला जातो. समजा वारा तुमच्या डावीकडून उजवीकडे वाहतो आहे. कबुतरं वाऱ्याच्या तोंडाला उतरतात, म्हणजे उजवीकडून येऊन डावीकडे जातील. मॅग्नेट डाव्या टोकाला, लपणापासून वीस मीटरवर. दहा-बारा स्थिर डिकॉय घोड्याच्या नालेच्या आकारात, उघडं तोंड उजवीकडे, एकमेकांपासून दीड-दोन मीटरवर, तोंडं साधारण वाऱ्याकडे पण अगदी कवायतीसारखी एका रेषेत नाहीत. मधे, तुमच्या बरोबर समोर, आठ-दहा मीटरची मोकळी जागा. येणारा पक्षी मॅग्नेटकडे बघत त्या मोकळ्या जागेवरून जातो. मॅग्नेट कधीही त्या जागेच्या मधोमध किंवा मागे नको. खाली येणाऱ्या पक्ष्यावर मारलेले छर्रे मोटारीत आणि हातात घुसतात, आणि पक्षी यंत्राआड असताना गोळी घालणं तसंही चूक. फ्लॅपर लावणार असाल तर मॅग्नेटपासून पाच-सहा मीटर दूर, नालेच्या एका बाजूला. दोन हालत्या गोष्टी चिकटून ठेवल्या की ती गडबड वाटते.

कबुतरं मुरडायला लागली तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी वेग कमी. मग पक्षी चाळीस-पन्नास मीटरवर आल्यावर रिमोटने मॅग्नेट बंद. ती उतरायला लागली तर दोष हालचालीचा होता. तरीही वळत असतील तर मॅग्नेट आणखी दहा मीटर दूर न्या. त्यानेही नाही झालं तर मांडणीत पोट वर करून पडलेला पक्षी, सांडलेली पांढरी पिसं, लपणाच्या जाळीतून दिसणारा चेहरा, हे पाहा. आणि आकाशातून मुळात कुणी जातच नसेल तर कोणतंही यंत्र उपयोगाचं नाही. आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन बांधावर उभं राहा, कबुतरं कोणत्या झाडांच्या रांगेवरून शेतात येतात ते पाहा, आणि त्या वाटेखाली मांडणी करा.

मॅग्नेट फक्त वुडपिजनला बोलावत नाही, हे शॉटगन हातात असताना कायम लक्षात असू द्या. स्टॉक डव्ह ही कबुतराची दुसरी जातही त्याच्याकडे वळते. हा पक्षी संरक्षित आहे, वुडपिजनपेक्षा थोडा लहान असतो, पंखावर पांढरा पट्टा नसतो, आखूड काळ्या रेघा असतात. शर्यतीची कबुतरंही येतात, आणि ती कुणाच्या तरी मालकीची असतात. इंग्लंडमध्ये वुडपिजन मारता येतात ते जीएल ४२ या सर्वसाधारण परवान्याच्या अटींखाली, पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी. नुसत्या खेळासाठी नाही. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे परवाने वेगळे आहेत, आणि अटी बदलत असल्याने जाण्यापूर्वी चालू मजकूर वाचलाच पाहिजे. नुसता धडाका करणारी गॅस बंदूक, पतंग, झेंडे असे न मारता हाकलण्याचे उपाय शेतकरी करतो आहे का, तेही त्याला विचारा. आवाज काढणारं यंत्र कुणी विकत असेल तर घेऊ नका: १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टनुसार पक्षी मारण्यासाठी ध्वनिमुद्रणाचा डिकॉय म्हणून वापर करायला मनाई आहे. यातलं काही सुट्टीत महाराष्ट्रात नेऊन वापरायचा विचार मात्र मनातही आणू नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, आणि आपला राज्यपक्षी हरियाल हाही कबुतराच्याच कुळातला.

पुढच्या वेळेसाठी चार-सहा पक्षी राखून ठेवायचे असतील तर स्वच्छ, कोरडे, छर्ऱ्यांनी न फाटलेले निवडा. पुठ्ठ्यावर पंख पसरून टाचण्या लावा, तसेच गोठवा, पूर्ण गोठल्यावर पिशवीत घाला. खाण्याच्या पक्ष्यांपासून वेगळे ठेवा आणि एकदा क्रेडलवर फिरलेला पक्षी खाण्यासाठी घेऊ नका. उन्हाळ्यात त्यावर तासाभरात माश्या बसतात. पक्षी हाताळताना हातमोजे घाला.

नव्याऐवजी जुनं मॅग्नेट मिळत असेल तर जरूर बघा, पण स्वतःची चार्ज केलेली बॅटरी आणि पाचशे-पाचशे ग्रॅमच्या वाळूच्या दोन पिशव्या घेऊन जा. आधी वीज न लावता मोटारीचा दांडा बोटांनी आडवा हलवून पाहा. टोकाशी दोन-तीन मिलिमीटर खेळत असेल तर बेअरिंग गेलं आहे. पिशव्या क्रेडलमध्ये बांधून सर्वांत कमी वेगाने दहा मिनिटं चालवा. कर्रकर्र आवाज दर फेऱ्याला ठरावीक जागी येत असेल तर गिअरचा दात तुटला आहे. आवाज सलग असेल तर बहुधा ग्रीस सुकलं आहे, ते घरी भरता येतं. दहा मिनिटांनी मोटारीला हात लावा: कोमट चालेल, चटका बसत असेल किंवा जळकट वास येत असेल तर घेऊ नका. शेवटी कंट्रोलरचा डबा उघडायला सांगा. वायरीच्या जोडाजवळ हिरवट थर दिसला तर आत पाणी गेलेलं आहे, आणि किमतीतून नव्या कंट्रोलरचे पैसे वजा करूनच बोलणी करा.